उद्योगसंस्थेतून अर्थखात्याकडे : अर्देशीर दलाल व जॉन मथाई यांचा शासनप्रवेश (१९४४–१९५०)

प्रस्तावना

स्वतंत्र भारताच्या आर्थिक धोरणाचा इतिहास सामान्यतः दोन बाजूंनी सांगितला जातो. एका बाजूस पंडित नेहरू, राष्ट्रीय सभेतील समाजवादी विचारप्रवाह आणि नियोजन आयोग, तर दुसऱ्या बाजूस खाजगी उद्योग आणि त्याचे हितसंबंध. या मांडणीत उद्योगक्षेत्रातील व्यक्ती शासनात आली की ती आपल्या वर्गाचे हित जपण्यासाठीच आली, आणि शासनातून बाहेर पडली की ते हित जपता न आल्यामुळेच बाहेर पडली, असा निष्कर्ष सहजपणे काढला जातो. १९४४ ते १९५० या सहा वर्षांच्या काळात टाटा उद्योगसमूहातील दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी केंद्र सरकारात आर्थिक धोरणाशी निगडित अशी सर्वोच्च पदे भूषविली. सर अर्देशीर दलाल हे १९४४ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात नियोजन व विकास खात्याचे सभासद झाले. डॉ. जॉन मथाई हे १९४८ मध्ये स्वतंत्र भारताचे दुसरे अर्थमंत्री झाले. दोघेही ‘मुंबई योजने’चे सहकर्ते होते आणि दोघांचीही कारकीर्द दोन वर्षे पूर्ण होण्याच्या आत संपली.

प्रस्तुत लेखात या दोन कारकिर्दींचा एकत्रित विचार केला आहे. खाजगी क्षेत्र आणि राज्यसंस्था यांच्यातील द्वंद्व एवढ्याने या कारकिर्दींचा उलगडा होत नाही. अधिकार आणि उत्तरदायित्व एकाच ठिकाणी असावेत की नसावेत, हा त्यांतील अधिक मूलभूत प्रश्न होता, असे येथे प्रतिपादन केले आहे.

मालक आणि व्यवस्थापक

मुंबई योजनेवर आठ जणांच्या स्वाक्षऱ्या होत्या : पुरुषोत्तमदास ठाकुरदास, जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, लाला श्रीराम, कस्तुरभाई लालभाई, अर्देशीर दलाल, ए. डी. श्रॉफ आणि जॉन मथाई. यांपैकी पहिले पाच जण उद्योगांचे वा व्यापारी पेढ्यांचे प्रमुख होते. शेवटचे तिघे टाटा समूहाशी संबंधित असलेले तज्ज्ञ व प्रशासक होते. पुढे केंद्र सरकारात खाते सांभाळले ते या दुसऱ्या गटातील दोघांनी. टाटा वा बिर्ला यांच्यापैकी कोणी मंत्रिपद स्वीकारले नाही. ही बाब योगायोगाची नाही. मालकवर्गाची प्रतिष्ठा व सत्ता भांडवलावर आधारलेली होती, तर व्यवस्थापकवर्गाची प्रतिष्ठा ज्ञान आणि प्रशासकीय अनुभव यांवर. या दुसऱ्या वर्गास सचिवालयातील कार्यपद्धती अपरिचित नव्हती.

दलाल यांचा जन्म १८८४ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात आणि नंतर केंब्रिज येथे त्यांचे शिक्षण झाले. १९०८ च्या सुमारास ते सनदी सेवेत दाखल झाले आणि मुंबई इलाख्यात विविध पदांवर काम करीत मुंबईच्या महापालिका आयुक्तपदापर्यंत पोहोचले. १९३१ मध्ये ते टाटा समूहात आले आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याच्या कारभाराशी त्यांचा निकटचा संबंध आला. म्हणजे १९४४ मध्ये दिल्लीस गेलेले दलाल हे जितके उद्योगातील अधिकारी होते, तितकेच जुने सनदी अधिकारीही होते.

मथाई यांचा मार्ग वेगळा, परंतु त्याची दिशा तीच. १८८६ मध्ये कालिकत येथे जन्मलेल्या मथाईंनी प्रथम मद्रासमध्ये वकिली केली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील ग्रामशासनावर प्रबंध लिहिला. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथास सिडनी वेब यांची प्रस्तावना होती. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२५ पासून ते टॅरिफ बोर्डाचे सभासद व पुढे अध्यक्ष झाले. परदेशी मालाशी स्पर्धा करणाऱ्या देशी उद्योगांपैकी कोणास, किती काळ आणि किती संरक्षण द्यावे, याची चौकशी करून सरकारला शिफारस करणे हे या मंडळाचे काम. पोलाद उद्योगाच्या संरक्षणाचा फेरविचारही याच मंडळाकडे होता. त्यानंतर व्यापारी माहिती व सांख्यिकी खात्याचे महासंचालकपद सांभाळून १९४० मध्ये ते टाटा समूहात आले.

ज्या मंडळाने पोलाद उद्योगाच्या मागण्यांची छाननी केली, त्या मंडळाच्या माजी अध्यक्षाने पोलाद उद्योग चालविणाऱ्या समूहात प्रवेश करावा, ही गोष्ट आजच्या निकषांवर आक्षेपार्ह वाटू शकेल. तत्कालीन परिस्थितीत मात्र शासन, विद्यापीठ आणि उद्योग या तिन्ही क्षेत्रांत वावरू शकणाऱ्या भारतीय अर्थतज्ज्ञांची संख्या अत्यल्प होती. म्हणून या दोघांच्या बाबतीत ‘उद्योगातून शासनाकडे’ यापेक्षा ‘शासनातून उद्योगाकडे आणि पुन्हा शासनाकडे’ असे वर्णन अधिक यथार्थ ठरते. टाटा समूहापुरते बोलायचे तर याला पूर्वोदाहरणही होते. समूहातील सर होमी मोदी हे १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात पुरवठा सभासद झाले होते. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी लोकनायक बापूजी अणे आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह राजीनामा दिला.

मुंबई योजनेतील राज्यसंस्था

जानेवारी १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई योजनेचे उद्दिष्ट पंधरा वर्षांत दरडोई उत्पन्न दुप्पट करण्याचे होते. त्यासाठी १०,००० कोटी रुपयांचा खर्च कल्पिला होता. त्यातील ४,४८० कोटी उद्योगांसाठी, २,२०० कोटी घरबांधणीसाठी, १,२४० कोटी शेतीसाठी, ९४० कोटी दळणवळणासाठी, ४९० कोटी शिक्षणासाठी, ४५० कोटी आरोग्यासाठी आणि उरलेले २०० कोटी संकीर्ण बाबींसाठी होते. पहिल्या पाच वर्षांत १,४०० कोटी, दुसऱ्या पाच वर्षांत २,९०० कोटी आणि तिसऱ्या पाच वर्षांत ५,७०० कोटी असा खर्चाचा चढता क्रम होता. एकूण रकमेपैकी ३,४०० कोटी रुपये नवीन चलननिर्मितीतून उभे राहावयाचे होते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर चलन वाढविले असता किमती, वेतन आणि उत्पादन यांवर कठोर नियंत्रण ठेवावे लागेल, हे योजनाकारांनी मान्य केले होते.

या योजनेतील प्रशासकीय व्यवस्थेची कल्पना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. विविध हितसंबंधांचे प्रतिनिधित्व असलेली राष्ट्रीय नियोजन समिती आणि तिच्या जोडीने अंमलबजावणीचा अधिकार असलेले सर्वोच्च आर्थिक मंडळ, अशी दोन अंगे सुचविली होती आणि ही दोन्ही अंगे केंद्र सरकारच्या अधिकाराखाली राहावयाची होती. आराखडा तयार करणारी यंत्रणा आणि निर्णय अमलात आणणारी यंत्रणा यांत योजनाकारांनी भेद केला होता. दलाल आणि मथाई यांच्या पुढील अनुभवाचे बीज या भेदात आहे.

दलाल : अधिकाराविना जबाबदारी

लॉर्ड वेव्हेल यांच्या कारकिर्दीत, १९४४ च्या मध्यात, नियोजन व विकास हे स्वतंत्र खाते निर्माण होऊन ते दलालांकडे सोपविण्यात आले. सरकारी पद स्वीकारल्यामुळे मुंबई योजनेच्या दुसऱ्या भागावर त्यांची स्वाक्षरी नाही. ज्या सरकारने या योजनेच्या एका कर्त्यास पाचारण केले, त्या सरकारने योजना मात्र स्वीकारलेली नव्हती. त्यामुळे दलालांचे स्थान प्रारंभापासूनच अवघड होते.

त्यांच्या खात्याचे सर्वांत महत्त्वाचे कार्य म्हणजे एप्रिल १९४५ चे औद्योगिक धोरणविषयक निवेदन. लोखंड व पोलाद, मोटारगाड्या व ट्रॅक्टर, विमाने, रसायने व रंग, यंत्रसामग्री इत्यादी सुमारे वीस उद्योगांचा विकास केंद्राच्या कक्षेत आणावा, पुरेसे खाजगी भांडवल पुढे न आल्यास मूलभूत उद्योगांचे राष्ट्रीयीकरण करावे आणि नवीन कारखान्यांस परवाना आवश्यक करावा, अशी तत्त्वे त्यात मांडलेली होती. स्वातंत्र्योत्तर काळातील परवाना पद्धतीची वैचारिक पूर्वतयारी अशा रीतीने पोलाद कारखान्यातून आलेल्या सभासदाच्या खात्यात झाली, ही वस्तुस्थिती लक्षणीय आहे. खाजगी उद्योग म्हणजे नियंत्रणाचा स्वाभाविक विरोधक, हे गृहीतक येथे टिकत नाही.

परंतु हे निवेदन प्रत्यक्षात आणण्याची साधने दलालांकडे नव्हती. पैसा वित्त सभासदाकडे होता. व्यापार, पुरवठा, रेल्वे, शेती यांची स्वतंत्र खाती होती. नियोजन खात्याने आराखडे मागवावेत, त्यांचा मेळ घालावा आणि इतर खात्यांनी सवडीनुसार त्यांचा विचार करावा, असे कामाचे स्वरूप होते. शिवाय उद्योगविकास हा १९३५ च्या कायद्यान्वये मुख्यतः प्रांतांचा विषय होता. याच कायद्यातील १११ ते १२१ या कलमांनी ब्रिटिश कंपन्यांना व्यापारी भेदभावापासून संरक्षण दिले होते. भारतीय उद्योगास प्राधान्य देणारे कोणतेही धोरण या कलमांपाशी येऊन अडत असे. दलालांनी १९४५ मध्ये लंडनला जाऊन या प्रश्नावर चर्चा केली. पण ती कलमे त्या वेळी रद्द होऊ शकली नाहीत. जानेवारी १९४६ मध्ये ते कार्यकारी मंडळातून बाहेर पडले आणि त्याच वर्षी नियोजन खातेही बंद झाले. १९४९ मध्ये त्यांचे निधन झाले.

उच्च तंत्रशिक्षणाच्या संस्था उभारण्याच्या विचारास त्यांच्या कारकिर्दीत चालना मिळाली. नलिनीरंजन सरकार समितीच्या शिफारशींतून पुढे खरगपूरची संस्था उभी राहिली. ज्या बाबतीत इतर खात्यांच्या अधिकाराशी संघर्ष नव्हता, तेथे त्यांच्या कार्याचा ठसा टिकला. परवाना, भांडवल आणि जकात यांच्याबाबत मात्र त्यांच्या वाट्यास केवळ निवेदन आले. कारखान्यात ज्याच्याकडे जबाबदारी त्याच्याकडे अधिकार, हा नियम अनुभवलेल्या व्यक्तीस दिल्लीत अधिकाराविना जबाबदारी मिळाली, असे या कारकिर्दीचे सार सांगता येईल.

मथाई : अर्थमंत्रिपदाची दोन अंदाजपत्रके

मथाई यांची स्थिती याच्या उलट होती. २ सप्टेंबर १९४६ रोजी स्थापन झालेल्या हंगामी सरकारात प्रथम अर्थखाते त्यांच्याकडे आले. ऑक्टोबरअखेर मुस्लिम लीगच्या प्रवेशानंतर ते लियाकत अली खान यांच्याकडे गेले. स्वातंत्र्यानंतर मथाई रेल्वे व वाहतूक मंत्री झाले आणि नोव्हेंबर १९४७ मध्ये स्वतंत्र भारताचे पहिले रेल्वे अंदाजपत्रक त्यांनी मांडले. ऑगस्ट १९४८ मध्ये षण्मुखम चेट्टी यांनी राजीनामा दिल्यावर सप्टेंबरमध्ये अर्थखाते मथाईंकडे आले.

त्यांच्यासमोरील परिस्थिती अत्यंत बिकट होती. फाळणीने कच्चा माल आणि कारखाने यांची ताटातूट केली होती. महागाई, निर्वासितांचे पुनर्वसन, अन्नधान्याची आयात आणि काश्मीरमधील युद्ध यांचा भार तिजोरीवर पडत होता. १९ सप्टेंबर १९४९ च्या सुमारास पौंडापाठोपाठ रुपयाचे डॉलरच्या तुलनेत ३०.५ टक्के अवमूल्यन करण्यात आले. डॉलरचा दर सुमारे ३ रुपये ३२ पैशांच्या मूल्यावरून ४ रुपये ७६ पैशांच्या मूल्यावर गेला. पाकिस्तानने अवमूल्यन न केल्यामुळे दोन्ही देशांतील व्यापार ठप्प झाला आणि ताग व कापूस यांवर अवलंबून असलेल्या गिरण्यांपुढे नवे संकट उभे राहिले.

करांच्या बाबतीत मथाईंनी भांडवलनिर्मितीस उत्तेजन देणारे धोरण स्वीकारले. १९४७ मध्ये लियाकत अली खान यांनी लागू केलेला भांडवली नफ्यावरील कर १९४९ मध्ये आणि व्यवसायनफ्यावरील कर १९५० मध्ये रद्द झाला. उद्योगवर्गातून आलेल्या मंत्र्याने उद्योगवर्गास सवलत दिली, ही टीका येथे निराधार ठरत नाही. तिची नोंद घेणे आवश्यक आहे. परंतु याच मथाईंच्या अध्यक्षतेखाली १९५३ मध्ये नेमलेल्या करचौकशी आयोगाने, करवजा जाता उरणाऱ्या व्यक्तिगत उत्पन्नाची कमाल मर्यादा देशातील कुटुंबाच्या सरासरी उत्पन्नाच्या सुमारे तीस पट असावी, असे मत दिले, हेही तितकेच लक्षात घेतले पाहिजे. एकाच व्यक्तीची ही दोन रूपे ‘भांडवलदारांचा प्रतिनिधी’ या एका विशेषणात सामावत नाहीत.

नियोजन आयोग आणि राजीनामा

नियोजन आयोगाच्या कल्पनेस मथाई अपरिचित नव्हते. मुंबई योजनेत त्यांनी नियोजन समिती सुचविली होती. के. सी. नियोगी यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार नियोजन मंडळाने १९४७ च्या आरंभी अशा आयोगाची शिफारस केली. एप्रिल १९४८ च्या औद्योगिक धोरण ठरावातही राष्ट्रीय नियोजन आयोगाचा उल्लेख होता आणि त्या वेळी मथाई मंत्रिमंडळाचे सभासद होते. इतकेच नव्हे, तर २८ फेब्रुवारी १९५० रोजी प्रजासत्ताक भारताचे पहिले अंदाजपत्रक मांडताना आयोगाच्या स्थापनेचा निर्णय त्यांनीच संसदेस सांगितला.

१५ मार्च १९५० च्या ठरावाने आयोग अस्तित्वात आला. पंतप्रधान अध्यक्ष, गुलझारीलाल नंदा उपाध्यक्ष आणि व्ही. टी. कृष्णम्माचारी, चिंतामणराव देशमुख, गगनविहारी मेहता व रा. कृ. पाटील हे सभासद होते. आयोगाने मंत्रिमंडळास शिफारशी कराव्यात, निर्णयाची व अंमलबजावणीची जबाबदारी केंद्र व राज्य सरकारांची राहील, असे ठरावात स्पष्ट म्हटले होते. यांतील मेहता हे सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीतून पुढे आलेले होते. तात्पर्य, आयोगातही उद्योगक्षेत्राचा अनुभव असलेली व्यक्ती होती. वाद उद्योगातील माणसाने शासनात असावे की नसावे, असा नव्हताच.

जून १९५० च्या आरंभी मथाई मंत्रिमंडळाबाहेर पडले आणि त्यांनी आपली भूमिका जाहीरपणे मांडली. आयोगाची स्थापना अवेळी झाली असून त्याची रचना सदोष आहे, तो समांतर मंत्रिमंडळ बनत आहे, त्यामुळे मंत्र्यांची आणि मंत्रिमंडळाची जबाबदारी क्षीण होईल, तसेच खर्चावरील अर्थखात्याचे नियंत्रण शिथिल होत आहे, असे त्यांचे आक्षेप होते. एप्रिल १९५० च्या नेहरू–लियाकत कराराविषयीही त्यांचे मतभेद होते. याच कराराच्या पार्श्वभूमीवर श्यामाप्रसाद मुखर्जी आणि नियोगी यांनी आधीच राजीनामे दिले होते. म्हणून आयोग हे राजीनाम्याचे एकमेव कारण मानणे इतिहासास धरून होणार नाही.

विवेक छिब्बर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, भारतीय उद्योगपतींना शासकीय साहाय्य हवे होते. मात्र त्या साहाय्याबरोबर येणारी शिस्त नको होती. वर्गीय वर्तनाचे हे विश्लेषण अनेक बाबतींत पटण्याजोगे आहे आणि अर्थखात्याचे प्राबल्य टिकणे उद्योगवर्गास सोयीचे होते, हेही खरे. तथापि मथाईंचा मुख्य आक्षेप नियोजनाच्या शिस्तीविषयी नव्हता. जे मंडळ लोकसभेस उत्तरदायी नाही, त्याच्या शिफारशींना पंतप्रधानांच्या अध्यक्षपदामुळे निर्णयाचे वजन येते. कर लादण्याचा अप्रिय भाग मात्र अर्थमंत्र्याने उचलावयाचा असतो, हे त्यांच्या आक्षेपाचे मर्म होते. दलालांच्या वाट्यास अधिकाराविना जबाबदारी आली. मथाईंना जबाबदारीविना अधिकार निर्माण होताना दिसला.

वादाची परिणती

मथाई यांच्या जागी आयोगाचे सभासद असलेले चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री झाले आणि त्यांनी आयोगाचे सभासदत्वही कायम ठेवले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर असलेल्या देशमुखांमुळे अर्थखाते आणि आयोग एका व्यक्तीत जोडले गेले. २,०६९ कोटी रुपयांच्या पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात या दोहोंत उघड संघर्ष दिसला नाही, याचे एक कारण हे आहे. मात्र ही तडजोड व्यक्तीवर आधारलेली होती, नियमावर नव्हती. मथाईंनी उपस्थित केलेला घटनात्मक प्रश्न त्यामुळे सुटला नाही, पुढे ढकलला गेला. देशमुखांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला, तेव्हा मंत्रिमंडळास डावलून निर्णय घेतले जातात, हा त्यांच्याही तक्रारीचा एक भाग होता. विषय सर्वस्वी भिन्न असूनही, लागोपाठच्या दोन अर्थमंत्र्यांनी मंत्रिमंडळाच्या सामूहिक जबाबदारीचा प्रश्न उपस्थित करावा, ही बाब विचारात घेण्याजोगी आहे.

मथाई यांचा शासनाशी संबंध राजीनाम्याने तुटला नाही. करचौकशी आयोगानंतर १९५५ मध्ये इंपीरियल बँकेचे रूपांतर होऊन स्थापन झालेल्या स्टेट बँकेचे ते पहिले अध्यक्ष झाले. त्याच सुमारास मुंबई विद्यापीठाचे आणि पुढे केरळ विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी सांभाळले. राष्ट्रीयीकृत बँकेचे अध्यक्षपद स्वीकारणारी व्यक्ती सार्वजनिक क्षेत्राची तत्त्वतः विरोधक होती, असे म्हणता येत नाही. १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, १९४० च्या दशकात उद्योगातून शासनात गेलेली ही माणसे भांडवलाचे मालक नव्हती. शासन, विद्या आणि उद्योग यांच्या सीमेवर घडलेल्या व्यवस्थापकवर्गातील ती होती. दुसरी अशी की, त्यांचा राज्याच्या हस्तक्षेपास सरसकट विरोध नव्हता. १९४५ चे निवेदन आणि करचौकशी आयोगाचा अहवाल याची साक्ष देतात. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, त्यांचे अपयश वा मतभेद मुख्यतः यंत्रणेच्या रचनेशी संबंधित होते. आराखडा करणारे एक, पैसा देणारे दुसरे आणि लोकप्रतिनिधींना उत्तर देणारे तिसरे, अशी विभागणी झाली की धोरण कितीही योग्य असले तरी त्याचा जाब कोणास विचारावा, हे ठरत नाही.

नियोजन आयोग पासष्ट वर्षे टिकला आणि १ जानेवारी २०१५ रोजी त्याची जागा नीती आयोगाने घेतली. या दीर्घ काळात पंचवार्षिक योजनांनी देशाच्या औद्योगिक पायाभरणीस जे दिले, त्याचे मोल मथाईंच्या आक्षेपांमुळे कमी होत नाही. तसेच आयोगाच्या यशापयशामुळे त्यांचा प्रश्नही निकालात निघत नाही. आर्थिक निर्णय घेण्यासाठी तज्ज्ञ बाहेरून बोलावला जातो, तेव्हा त्याच्या पूर्वीच्या संस्थेविषयी प्रश्न विचारला जातो आणि तो विचारलाही पाहिजे. परंतु त्याला दिलेल्या पदाचे उत्तरदायित्व नेमके कोणाप्रती आहे, हा प्रश्न त्याहून अधिक महत्त्वाचा आहे. दलाल आणि मथाई यांच्या अल्पकालीन कारकिर्दींचा अभ्यास या प्रश्नाकडे लक्ष वेधतो.